विंडोज, मॅक की लिनक्स: लहान ऑफिसच्या सॉफ्टवेअर-परवान्यांचा हिशेब कसा मांडायचा

इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला लॅपटॉप घ्यायला गेलं की घासाघीस संपता संपता एक वाक्य कानावर पडतंच: "विंडोज, ऑफिस सब डाल के देंगे भैया, टेन्शन मत लो." ते 'सब' कुठून येतं, त्याचा परवाना कोणाच्या नावावर असतो आणि दोन वर्षांनी त्याचं काय होतं, हे विचारायची आपल्याला सवय नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, "ओरिजिनल ही है." बिलावर मात्र एकच ओळ असते, लॅपटॉपची.

रामबागेतलं सीएचं ऑफिस, लोकमान्य नगरातला शिकवणीचा वर्ग, एखादा दवाखाना, डीटीपीचं दुकान, अशा तीन ते दहा संगणकांच्या कारभारासाठी हा लेख आहे. मोठ्या कंपन्यांकडे परवाने सांभाळायला वेगळी माणसं असतात. आपल्याकडे ते काम मालकाच्या भाच्याकडे असतं.

बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. "विंडोज महाग पडतं, लिनक्स फुकट आहे, मग लिनक्सच टाकू," किंवा "मॅक घेऊ, त्यात सगळं येतं." प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत हा या हिशेबातला छोटा आकडा असतो. मोठे आकडे तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामांचे, दरवर्षीच्या नूतनीकरणांचे आणि एका यंत्रावर अनेकांनी काम करण्याच्या परवानग्यांचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसा हा प्रकार. म्हणून आधी काम बघायचं, मग त्या कामाचा प्रोग्राम आणि सगळ्यात शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम.

पायरी १: ऑफिसात आत्ता काय आहे ते लिहून काढा

एक कोरं पान घ्या. रकाने असे पाडा: संगणक कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या साली घेतला, बिल सापडतं का, त्यावर रोज उघडले जाणारे प्रोग्राम कोणते, त्यांचा परवाना कुठला. 'रोज' हा शब्द मुद्दाम घातलाय. एकदा कधीतरी टाकलेला आणि वर्षभर न उघडलेला प्रोग्राम यादीत आला की हिशेब उगाच फुगतो. असे प्रोग्राम याच फेरीत काढून टाकलेले बरे, कारण परवान्यांच्या तपासणीत संगणकावर असलेली प्रत मोजली जाते, ती वापरता की नाही हे कोणी विचारत नाही.

विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे बघायला दुकानात जावं लागत नाही. कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. जी लहान खिडकी उघडेल तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा मोकळी सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-आय असं टाईप करून एंटर दाबा. काही सेकंदांनी एक चौकट येते. तिच्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो.

ओईएम म्हणजे यंत्रासोबत आलेला परवाना, रिटेल म्हणजे सुटा विकत घेतलेला. हे दोन दिसले आणि बिलही सापडलं तर निर्धास्त राहा. व्हॉल्यूम दिसला तर थांबा. हा परवाना कंपन्या आणि संस्था करार करून ठोकात घेतात. तुमच्या पाच टेबलांच्या ऑफिसने असा करार केलेला नसेल, तर ती 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, दुसऱ्या कोणाच्या करारातली आहे. ऑनलाईन चारपाचशे रुपयांना मिळणाऱ्या कींपैकी बऱ्याच या जातीच्या असतात. आज चालतात, कंपनीने की बंद केली की उद्या स्क्रीनच्या कोपऱ्यात विंडोज अधिकृत करून घ्या अशी पुसट अक्षरं उमटतात.

व्हॉल्यूमसोबत केएमएस हा शब्द असेल तर गोष्ट आणखी सरळ आहे. त्या पद्धतीत संगणकाला संस्थेच्या सर्व्हरकडून १८० दिवसांची मुदत मिळते आणि ती परत परत वाढवून घ्यावी लागते. घरात किंवा लहान ऑफिसात असा सर्व्हर नसतो. तिथे हे काम एखादा 'अ‍ॅक्टिव्हेटर' चोरून करत असतो, आणि तो टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलं असतं. ज्या यंत्रावर बँकेचं काम आणि डिजिटल सही चालते, त्यावर असलं काही ठेवू नये. इथे प्रश्न पैशांचा उरतच नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं बघायचं असेल तर वर्ड उघडून फाइल आणि मग अकाउंट इथे जा. तिथे लिहिलेलं पूर्ण नाव जसंच्या तसं कागदावर उतरवा. 'होम अँड स्टुडंट' आणि 'होम अँड बिझनेस' यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण पहिलं धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस बऱ्याचदा हे पहिलंच असतं.

पायरी २: परवाना कशाला बांधला आहे ते ओळखा

सगळा गोंधळ इथे होतो. 'मी सॉफ्टवेअर विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण विकत घेतलेली असते ती वापरायची परवानगी, आणि ती कशाला तरी बांधलेली असते.

ओईएम विंडोज मदरबोर्डला बांधलेलं असतं. मदरबोर्ड जळून दुसरा टाकला की परवानाही बहुधा त्याच्याबरोबर जातो. रिटेल विंडोज जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतं, पण एका वेळी एकाच ठिकाणी. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं, म्हणजे भाडं भरून वापरायच्या ऑफिसचं, सबस्क्रिप्शन माणसाला बांधलेलं आहे. एका माणसाला पाच संगणकांवर ते चालवता येतं, मग त्यातला एक मॅक असला तरी चालतो. ज्याच्याकडे ऑफिसात डेस्कटॉप आणि घरी लॅपटॉप आहे त्याला दोन परवाने घ्यायचं कारण नाही. याउलट एकरकमी मिळणारं ऑफिस २०२४ एकाच यंत्राचं. अ‍ॅडोबीचं सबस्क्रिप्शन एका माणसाला दोन संगणकांवर चालू ठेवता येतं, पण एका वेळी एकावरच वापरायचं.

चौथी जात सर्व्हरची. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, किमान १६ कोअर धरून, आणि शिवाय त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा यंत्रासाठी 'कॅल' नावाचा वेगळा परवाना. तुमच्या सर्व्हरचा प्रोसेसर आठच कोअरचा असला तरी पैसे सोळाचे भरावे लागतात.

पायरी ३: अडून बसणारा प्रोग्राम शोधा

प्रत्येक ऑफिसात एक तरी प्रोग्राम असा असतो जो एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो आणि ज्याच्याशिवाय दिवस सुरू होत नाही. तो सापडला की अर्धे निर्णय आपोआप होतात.

आपल्याकडे तो बहुधा टॅली. टॅलीप्राइम मुळात विंडोजचा प्रोग्राम आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' वापरून काही जण ते लिनक्सवर चालवतात, पण अडचण आली तर कंपनी हात वर करेल आणि अडचण नेमकी २० तारखेला, जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवशीच येईल. मॅकवर चालवायचं तर आधी मॅकच्या आत विंडोज चालवणारं पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात विंडोजचा परवाना वेगळा घ्यायचा, मग त्यावर टॅलीचा. एका टॅलीसाठी तीन परवाने. ज्याचं अख्खं काम टॅलीत आहे त्याने मॅक घेऊ नये, इतकं साधं आहे ते.

टॅलीचे दर एकदा नीट बघण्यासारखे आहेत. एका माणसासाठीचं 'सिल्व्हर' २२,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २६,५५०. ऑफिसच्या नेटवर्कवर अनेकांसाठीचं 'गोल्ड' ६७,५०० रुपये, जीएसटीसह ७९,६५०. नव्या सुधारणा आणि ऑनलाईन सेवा चालू ठेवायला वार्षिक नूतनीकरण सिल्व्हरला ४,५०० आणि गोल्डला १३,५००, दोन्हींवर जीएसटी वेगळा. आता गुणाकार करा. तीन सिल्व्हर बरोबर एका गोल्डएवढे होतात, नूतनीकरणासकट. म्हणजे दोन टेबलांवर वेगवेगळ्या पक्षकारांची खाती लिहिली जात असतील तर दोन सिल्व्हर स्वस्त पडतात. तिसरं टेबल येणार हे दिसत असेल तर गोल्डच घ्यावं. आणि एकाच कंपनीच्या खात्यात दोघांना एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर दोन सिल्व्हर घेऊन उपयोग नाही, तिथे पहिल्या दिवसापासून गोल्ड लागतं. खरेदीच्या दिवशी दर पुन्हा विचारून घ्या. अधूनमधून ते बदलतात, पण हे एकास तीनचं गणित डोक्यात राहू द्या.

हिशेबाचा फुकट प्रोग्राम वापरायचा विचार असेल आणि तुमची संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर एक अट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशाच सॉफ्टवेअरमध्ये खाती ठेवावी लागतात ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. प्रोप्रायटरशिप आणि भागीदारीला ही कंपनी कायद्यातली अट नाही.

डीटीपीवाल्यांचा अडून बसणारा प्रोग्राम वेगळा, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप. दोन्ही विंडोज आणि मॅकवर आहेत, लिनक्सवर नाहीत. पण त्यांच्याहून अवघड दुखणं फॉन्टचं. गणेशोत्सवाच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचे फलक, यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मजकूर वाचता यावा यासाठीच्या अक्षर-मानकाच्या, आधीच्या फॉन्टांत अडकलेल्या असतात. मराठी काम श्रीलिपीत, हिंदी काम कृतिदेवमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायच्या आधी हा मजकूर युनिकोडमध्ये आणायला किती दिवस लागतील ते मोजा, कारण ते दिवस म्हणजे खर्चच.

फॉन्टलाही परवाना असतो हे आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. विंडोजसोबत येणारे मंगल आणि निर्मला त्या यंत्रावर वापरून खुशाल छापा, पण त्यांच्या फाइली उचलून लिनक्सच्या संगणकावर टाकायची परवानगी नाही. 'मुक्त', 'बालू', 'नोटो सान्स देवनागरी' हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर टाका, लग्नपत्रिका छापून पैसे घ्या, कोणाला काही द्यावं लागत नाही. माझ्या मते कुठल्याही मराठी ऑफिसने पहिला बदल हाच करावा, बाकी काही बदलो न बदलो.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन शेवटचं. त्याचा ड्रायव्हर मॅक किंवा लिनक्ससाठी मिळतो का, हे टोकन देणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या. यंत्र बदलल्यावर विचारू नका.

पायरी ४: तिन्हींचे दर शेजारी शेजारी ठेवा

विंडोज. अमेरिकेत विंडोज ११ होम १३९ डॉलर आणि प्रो १९९ डॉलर या दराने सुटं मिळतं. भारतातले दर वेगळे असतात आणि सतत हलतात, म्हणून तुमच्या खरेदीच्या दिवशीचा दर लिहा. पण प्रमाण लक्षात घ्या: तेच विंडोज लॅपटॉपसोबत आलेलं असलं तर कितीतरी स्वस्त पडतं, कारण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या ते ठोकात घेतात. 'डॉस' लिहिलेला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त दिसतो, आणि तो घेणाऱ्याला विंडोज 'फ्री' टाकून मिळतं. ते काही हजार वाचत नाहीत, फक्त परवाना नसलेलं यंत्र घरी येतं. लिनक्सच टाकायचं नक्की असेल तेव्हाच डॉसवाला घ्या. होम आणि प्रो यांत ऑफिसला लागणारा फरक म्हणजे प्रोमध्ये बाहेरून त्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने येता येतं आणि डिस्क बिटलॉकरने पूर्ण कुलूपबंद करता येते. ज्या टेबलाला हे लागत नाही तिथे होम पुरतं.

जुना लॅपटॉप घेताना त्याच्या तळाला विंडोज ७ चं स्टिकर दाखवून "की तो है ना" म्हणतात. विंडोज ७ आणि ८ च्या कीवर विंडोज १० किंवा ११ सुरू करायची सवलत सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्या स्टिकरची किंमत आता शून्य.

मॅक. ऑक्टोबर २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे. पेजेस, नंबर्स, कीनोटही फुकट. परवान्यात मात्र स्पष्ट आहे की ती अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवायची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे पैसे तुम्ही यंत्राच्या किमतीत भरलेले असतात. व्हिडिओ आणि संगीताचं काम करणाऱ्याला मॅकचा हिशेब बरा बसतो, कारण फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो एकरकमी विकत मिळतात, अमेरिकेत २९९.९९ आणि १९९.९९ डॉलरला. अ‍ॅप स्टोअरचा एक बारीक नियम: घरगुती वापरासाठी घेतलेलं अ‍ॅप तुमच्या सगळ्या मॅकवर चालतं. धंद्यासाठी घेतलेलं मात्र एका माणसाच्या यंत्रांवर किंवा अनेकांच्या सामायिक एका यंत्रावर. पाच जणांचे पाच मॅक असतील तर एका खरेदीत भागत नाही. इंटेलचा जुना मॅक स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती आहे.

लिनक्स. उबुंटू, मिंट, डेबियन यांना परवान्याचे पैसे नाहीत, यंत्रं कितीही असोत. उबुंटूच्या दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. सीडॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही भारतीय लिनक्सही फुकट आहे. पण लिनक्स म्हणजे नेहमीच बिनपैशाचं असंही नाही. रेड हॅट आणि सुसे यांची लिनक्स कंपन्यांना वार्षिक सबस्क्रिप्शनवर विकली जाते. फुकटचं सेंटओएस ज्यांनी सर्व्हरवर टाकलं होतं त्यांची आवृत्ती ८ ची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि ७ ची जून २०२४ मध्ये संपली. त्यांनी अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर जावं, ती दोन्ही फुकट आहेत.

लिनक्सचा खर्च दुसरीकडे असतो: प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, एक्सेलच्या मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या शीट, आणि 'ते बटण कुठे गेलं' विचारणारी माणसं. म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, पण कर्मचाऱ्यांची कुरकुरही होती. उलट ज्या टेबलावर फक्त पत्रं, ब्राउझर आणि ईमेल चालतं तिथे लिब्रेऑफिस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा फुकट पर्याय, टाकलेलं मिंट कोणाला टोचत नाही.

गूगलचं क्रोमओएस फ्लेक्सही जुन्या यंत्रावर फुकट टाकता येतं. सगळं काम ब्राउझरमध्ये असेल तरच त्याचा विचार करा.

पायरी ५: विंडोज १० वर अडकलेली यंत्रं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक बाद होतात. ज्यात बसतं त्यात विंडोज ११ फुकट चढवता येतं, ते चढवून टाका.

जी बसत नाहीत त्यांच्यासाठी घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा-अपडेट ३० डॉलरला, किंवा सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात चालू केला तर बिनपैशाने, अशी सोय कंपनीने दिली. संस्थांसाठी दर वेगळा: पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, प्रत्येक यंत्राला. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. दहा वर्षांच्या जुन्या डेस्कटॉपवर एवढे पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात साधा नवा डेस्कटॉप येतो, त्याच्यासोबत विंडोज ११ ही येतं. त्या डेस्कटॉपवर टॅली नसेल तर तिसरा रस्ता मिंटचा, आणि तो मी बहुतेकांना सुचवतो. आठ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली की ते यंत्र अजून काही वर्षं ओढतं.

ऑफिस २०१६ आणि २०१९ ची मुदतही त्याच दिवशी संपली आणि २०२१ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. हे ज्यांच्या यादीत आहे त्यांनी त्या ओळीवर खूण करावी.

पायरी ६: एका संगणकावर अनेक माणसं

इंदूरभर चालणारी एक युक्ती आहे. एक दणकट संगणक घ्यायचा, त्यावर विंडोज प्रो आणि टॅली टाकायचं, एक छोटा 'पॅच' चढवायचा आणि पाच जणांनी आपापल्या टेबलावरून रिमोट डेस्कटॉपने एकाच वेळी त्यात काम करायचं. तांत्रिकदृष्ट्या झकास चालतं. परवान्यात मात्र बसत नाही. विंडोज प्रो एका वेळी एकाच माणसाला असं काम करू देतं. पाच जणांना हवं असेल तर विंडोज सर्व्हर, पाच कॅल आणि वर रिमोट डेस्कटॉपचे आणखी पाच कॅल, असे तीन थर लागतात. विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्डच्या १६ कोअरचा अमेरिकेतला छापील दर १,०६९ डॉलर होता, त्यात रिमोट डेस्कटॉपचा एकही कॅल नाही.

गंमत म्हणजे बहुतेकांना याची गरजच नसते. फाइली आणि प्रिंटर वाटून घ्यायला साध्या विंडोजच्या परवान्यातही २० यंत्रांपर्यंत मुभा आहे. टॅली गोल्ड नेटवर्कवर चालतंच, डेटा एका यंत्रावर आणि टॅली प्रत्येकाच्या यंत्रावर. त्याला सर्व्हर लागत नाही. वीसच्या वर गेलात किंवा फाइलींसाठी वेगळं यंत्र हवं असेल, तर लिनक्सवर सांबा हा फाइली वाटून देणारा फुकट प्रोग्राम बसवा. विंडोजच्या संगणकांना ते नेहमीच्या सामायिक फोल्डरसारखंच दिसतं, आणि कॅल नावाची भानगड नाही. लिनक्सची खरी बचत टेबलांपेक्षा या कोपऱ्यात आहे.

पायरी ७: 'फुकट' लिहिलेल्या प्रोग्रामांची चाळणी

काही प्रोग्राम फुकट असतात ते फक्त घरी. दूरच्या संगणकावर काम करू देणारे एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर घरगुती वापराला फुकट आहेत, ग्राहकाच्या संगणकावर जाऊन पैसे घेणाऱ्याला नाहीत. फाइली आवळून एकत्र बांधणारं विनरार चाळीस दिवसांचं चाचणीपुरतं आहे, मग ते दहा वर्षं चालत राहिलं तरी. त्याऐवजी सेव्हन-झिप घ्या. एका संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स मुक्त परवान्याचं आहे, त्याची जोडणी म्हणून येणारा एक्स्टेन्शन पॅक नाही. ऑरॅकलचं जावा जानेवारी २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर मोजतात, जावा वापरणारे दोनच असले तरी. ओपनजेडीके हे जावाचंच मुक्त रूप टाकलं की प्रश्न मिटतो. खंडवा रोडवर किंवा घरून छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्यांनी डॉकर डेस्कटॉपची अटही वाचावी: २५० हून कमी माणसं आणि एक कोटी डॉलरहून कमी उलाढाल, दोन्ही असतील तर फुकट.

दुसरीकडे फोटोंसाठी गिम्प, चित्रांसाठी इंकस्केप आणि लिब्रेऑफिस धंद्यालाही फुकट आहेत आणि तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर आहेत. अफिनिटी हे चित्र आणि मांडणीचं चांगलं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाने फुकट केलं, विंडोज आणि मॅकसाठी. फोटोशॉप फक्त फोटो कापायला आणि फलक लावायला वापरणाऱ्यांनी महिन्याचं सबस्क्रिप्शन नूतन करायच्या आधी ते एकदा उघडून बघावं.

पायरी ८: पाच वर्षांचं पान

आता दुसरं पान घ्या. उभे रकाने पाच, वर्षांचे. आडव्या ओळी प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक परवान्याच्या. एकरकमी खर्च पहिल्या रकान्यात, सबस्क्रिप्शन पाचही रकान्यांत, नूतनीकरण दुसऱ्यापासून.

समजा पाच टेबलं आहेत. दोघं टॅली लिहितात, वेगवेगळ्या पक्षकारांचं. एक जण फलक आणि पत्रकं करतो, एक ताई स्वागतकक्षात पत्रं आणि ईमेल बघतात, पाचवा लॅपटॉप मालकाचा. टॅलीचे दोन सिल्व्हर पहिल्या वर्षी ५३,१०० आणि पुढची चार वर्षं नूतनीकरणाचे १०,६२० प्रत्येकी, मिळून पाच वर्षांचे ९५,५८०. ही दोन यंत्रं विंडोजचीच, परवाना यंत्रासोबत आलेला. मालकाला मॅक्रो असलेल्या एक्सेलशिवाय चालत नाही, तिथे मायक्रोसॉफ्टचं 'होम अँड बिझनेस' ऑफिस. टॅलीवाल्या दोघांना एक्सेल खरंच लागतं की टॅलीतून काढलेली शीट बघायलाच लागतं, हे विचारा. बघायला लिब्रेऑफिस पुरतं. ताईंचं जुनं यंत्र मिंटवर. फलकवाल्याला कोरल सोडता येत नसेल तर तो विंडोजवर, सोडता येत असेल तर अफिनिटी.

पाचांपैकी एकच टेबल लिनक्सवर गेलं आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळा पैसा जवळजवळ कुठेच गेला नाही. मोठी रक्कम टॅलीची, तिच्याखालोखाल मायक्रोसॉफ्ट ऑफिसची. माझ्या पाहण्यात लहान ऑफिसांची पानं बहुधा अशीच भरतात. सगळ्यांनी एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर असावं हा हट्ट मात्र खर्चिक पडतो.

पायरी ९: बिल, कर आणि कायदा

बिल ऑफिसच्या नावाने आणि ऑफिसच्या जीएसटी क्रमांकासह घ्या. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. मालकाच्या खासगी कार्डाने, क्रमांक न टाकता केलेल्या खरेदीचं क्रेडिट जातं. परदेशी संकेतस्थळावरून थेट घेतलं तर नोंदणीकृत व्यावसायिकाला जीएसटी उलट्या पद्धतीने स्वतः भरावा लागतो, हे सीएंना आधीच सांगून ठेवा. प्राप्तिकरात संगणक आणि सॉफ्टवेअर एकाच गटात धरून ४० टक्के घसारा मिळत आला आहे. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. वार्षिक सबस्क्रिप्शन त्या वर्षाचा खर्च म्हणून जातं. म्हणून एकरकमी आणि सबस्क्रिप्शन यांची तुलना कर धरून करा.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. "दुकानदाराने टाकून दिलं" हे उत्तर, हा लेख इथवर वाचल्यावर, तुम्हाला देता येणार नाही. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची खबरदारीसाठी एक प्रत काढून ठेवायला मात्र हाच कायदा परवानगी देतो.

पायरी १०: बदल एका टेबलापासून, आणि खाती ऑफिसच्या नावावर

सगळी यंत्रं एका रविवारी बदलू नका. सगळ्यात कमी गुंतागुंतीचं टेबल निवडा, तिथे महिनाभर चालवा, महिनाअखेरची कामं एकदा होऊ द्या. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा. जुनी डिस्क पुसू नका, काढून पाकिटात ठेवा आणि वर तारीख लिहा.

विंडोज, ऑफिस, अ‍ॅडोबी, टॅली, प्रत्येकाचा परवाना कोणत्या ना कोणत्या ईमेलशी जोडलेला असतो. बऱ्याच ऑफिसांत तो ईमेल सोडून गेलेल्या मुलाचा किंवा संगणक लावून देणाऱ्या तंत्रज्ञाचा असतो, आणि नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते. परवान्यांसाठी ऑफिसचा एक स्वतंत्र ईमेल काढा, त्याचा फोन नंबर मालकाचा ठेवा, आणि नवा परवाना घेताना तंत्रज्ञ स्वतःचा ईमेल टाकायला लागला तर त्याला तिथेच थांबवून आपला टाकायला सांगा. आधीचे परवाने दुसऱ्याच्या ईमेलवर असतील तर ती माणसं संपर्कात आहेत तोवरच ते बदलून घ्या.